आज तास अण्णांचा

शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका निघते आहे, मनोगत लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि कोणावर लिहायचं ते पत्र वाचतानाच ठरलं. स्नेहसंमेलन, खो-खोचा संघ, पाण्याच्या टाकीमागची चिंच, यांच्यावर बाकीची मंडळी लिहितीलच. मी आपल्या इतिहास-भूगोलाच्या सरांवर लिहिणार आहे. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे त्या काळातल्या प्रत्येक तुकडीला ठाऊक आहे. शिवाय स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही.

आमच्या वेळच्या सोलापुरात घड्याळ बघायची गरज नसायची. गिरणीचा भोंगा झाला की पहिली पाळी आत, पुन्हा झाला की दुसरी. आई भाकरी टाकायला बसायची ती भोंग्यावर आणि आम्ही शाळेला निघायचो तेही भोंग्यावरच. वर्गात एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला कन्नड, मागच्या बाकांवरून दखनी, आणि सगळ्यांची मिळून सोलापुरी मराठी. कोणाचे वडील गिरणीत, कोणाचे घरच्या मागावर. साखर पेठेतून, अशोक चौकातून येणाऱ्या मैत्रिणींच्या घरी दारात सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या असायच्या. बोटं चालू आणि नजर शाळेतून येणाऱ्या पोरांवर. त्या अक्कांशी बोलता यावं म्हणून सर तेलुगू शिकले होते. पालकसभेला कोणाची आई आली नाही तर सर स्वतः तिच्या दारात जायचे, उंबऱ्यावर बसायचे आणि पोरीला दहावीपर्यंत शाळेतून काढणार नाही एवढं वचन घेऊनच उठायचे. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या वचनावर मॅट्रिक झाल्या.

सरांच्या तासाला पुस्तक उघडायचं ते शेवटी. आधी प्रश्न. ‘गिरण्या सोलापुरातच का आल्या? नदी नाही, समुद्र नाही, पाऊस तर बघताच तुम्ही.’ मग आम्ही एकेक सांगायचो आणि सर फळ्यावर मांडत जायचे. रेल्वे १८६० साली इथवर पोहोचली. आसपास काळ्या रानात कापूस. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या इथे मागावर बसलेले. हिप्परग्याचा तलाव १८७१ चा. त्यानंतर १८७६ चा दुष्काळ, खेड्यापाड्यांतून पोटासाठी शहराकडे निघालेली माणसं. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी केली ती याच सुमाराला. मुरारजी पेठेतून रोज येणारी मुलं त्या दिवशी पहिल्यांदा पेठेच्या नावाकडे वळून बघत घरी गेली.

एकदा त्यांनी आम्हाला गिरणीच्या भिंतीबाहेर उन्हात उभं केलं आणि विचारलं, ‘छप्पर करवतीच्या दात्यांसारखं का आहे? काचा एकाच बाजूला का आहेत? कोणती दिशा आहे ती?’ ती उत्तर दिशा होती. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षाचा बहुतेक काळ डोक्याच्या दक्षिणेकडून जातो, उत्तरेला जातो तो मे ते जुलैतले काही आठवडेच. म्हणून उत्तरेच्या काचांतून ऊन थेट फारसं आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर सारखा मिळतो, आणि मागावरच्या माणसाला तुटलेला धागा दिसतो. अयनवृत्तं, अक्षांश, सूर्याचं भासमान भ्रमण हे सगळं आम्ही त्या भिंतीजवळ शिकलो. मला भूगोलात पुढे कधीच घोकावं लागलं नाही.

१९३० चा धडा तर आपल्या गावाचाच. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली तसे गिरणी कामगार बाहेर पडले, ज्यांची दारू होते ती शिंदीची झाडं तोडली गेली, गोळीबार झाला, काही दिवस गावात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही. मग १२ मेपासून जूनअखेरपर्यंत मार्शल लॉ, लष्कराचा अंमल. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पाठ्यपुस्तकात हे सगळं दोन ओळींत होतं. सरांनी सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा मार्शल लॉ आठवतो का. दुसऱ्या दिवशी वर्गात जे जे आलं ते सगळं त्यांनी एका वहीत उतरवून घेतलं. कोणाच्या आजोबांची खादीची टोपी घरच्यांनी पिठाच्या डब्यात लपवली होती, कोणाची आजी नुसत्या बुटांच्या आवाजाला घाबरून माळ्यावर जाऊन बसायची. बारा जानेवारीला हुतात्मा चौकात जायचं आणि दोन दिवसांत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, हा क्रम आमच्या घरात त्या वर्षी सुरू झाला आणि आजही मोडलेला नाही.

पण मला सांगायचा आहे तो नववीतला एक तास.

साल १९८२. मुंबईत गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू होता. आमच्याकडे गिरण्या चालू होत्या, तरी घराघरांत बोलणं तेच. इतिहासात धडा होता औद्योगिक क्रांतीचा. जॉन के, १७३३, धावता धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा तुकडा. एका मुलाने उभं राहून वाचलं. सरांनी त्याला थांबवून विचारलं, ‘धोटा कोणी कोणी पाहिलाय?’ जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर. सर जरा वेळ आमच्याकडे बघत राहिले. मग पुस्तक मिटून म्हणाले, ‘मी पाहिलाय, पण हातात धरून चालवला नाही. ज्यांनी चालवलाय त्यांनीच शिकवायला पाहिजे.’

त्या संध्याकाळी सर सायकलवरून आमच्या चाळीत आले. माझे वडील, अण्णा, दारात बसले होते, गडबडून उठले. सरांनी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, ‘गुरुजी, मी चौथी नापास माणूस. पोरांना काय सांगू?’ सर म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही साचेखात्यात, मागावर, किती वर्षं आहात?’ ‘अठरा झाली की.’ ‘मग तेच सांगा.’

पहिली पाळी सुटल्यावर अण्णा थेट शाळेत आले. केसांत, भुवयांत कापसाचे तुसे तसेच. हातात एक झिजलेला धोटा, जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगून गेटपास करून आणलेला. सरांनी त्यांना टेबलाजवळ नेलं, ‘मुलांनो, आज तास अण्णांचा,’ एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या ओळीत मुलांच्या बाकावर वही उघडून जाऊन बसले.

अण्णा आधी गप्पच. मग त्यांनी धोटा उचलून दाखवला. होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी टोकं, मधल्या पोकळीत सुताची कांडी, एका बाजूला बारीक भोक. कांडी बसवली, धाग्याचं टोक आतून भोकापाशी धरलं, बाहेरून भोकाला ओठ लावले आणि श्वास ओढला. धागा सर्रकन बाहेर आला. वर्ग एकदम पुढे झुकला. अण्णा म्हणाले, ‘कांडी संपली की असं करावं लागतंय. पाळीत किती वेळा ते कोण मोजत नाही. रंगीत सूत असलं तर थुंकी रंगीत. तुसं पोटात जातंय ते वेगळंच. आणि हाच धोटा आधी कोणाच्या तोंडाला लागलाय ते बघत बसायला वेळ नसतोय.’ मी पहिल्या बाकावर होते. अण्णांना रात्री खोकला का लागतो, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग पोरांना धीर आला. एवढ्या आवाजात बोलता कसं? अण्णांनी हातांनी दाखवलं. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ तोंडाजवळ नेली की चहा. कॉलर झटकली की साहेब आला. बाकी सगळं ओठ वाचून. पूर्वी दोन माग बघायचो, आता चार बघतो, म्हणाले. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘माग बंद कधी असतो?’ अण्णा म्हणाले, ‘त्रासनातून, कातणखात्यातून, सूत आलं नाही की आम्ही उभे. आमचा माग जोरात पळाला म्हणून काय होतंय? कातणाऱ्यानं पुरवायला पाहिजे.’

त्यावर सर बाकावरून उठले. सरांचा चेहरा इतका उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही. ते म्हणाले, ‘बघा, अण्णांनी पुढचं पान सांगितलं. जॉन केच्या धोट्याने विणणारा पुढे गेला, सूत कमी पडायला लागलं, म्हणून हारग्रीव्हजला सूत कातणाऱ्या अनेक चात्या एकाच वेळी फिरवणारं यंत्र सुचलं.’ तास संपल्यावर आम्हाला उभं करून म्हणाले, ‘आज आपल्याला अण्णांनी शिकवलं,’ आणि सगळ्यांत आधी त्यांनी स्वतः नमस्कार केला. चौथी नापास माझ्या वडिलांना भर वर्गात सरांनी हात जोडले.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला, ‘धावत्या धोट्यामुळे कोणाचं काम वाढलं?’ आख्ख्या वर्गाने बरोबर लिहिलं. घरी अण्णांनी मला विचारलं, ‘तो हारग्रीव्हज कोण गं?’ तेव्हापासून माझं इतिहासाचं पुस्तक रविवारी त्यांच्याकडे असायचं. अक्षर अक्षर जुळवत वाचायचे. धोटा त्यांनी सरांना देऊ केला. सरांनी तो मला दिला.

मी पुढे कायद्याकडे वळले ती त्या तासामुळेच. कॉलेजात घटनेचा पेपर शिकताना चिरंजितलाल चौधरी खटला आला, १९५० चा, समानतेच्या कलम १४ वरचा. वाचते तर ती आपली जुनी मिल! १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, सरकारने खास कायदा करून ताब्यात घेतली, तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात. त्यात कायदा टिकला. पण १९५३ च्या द्वारकादास श्रीनिवास खटल्यात तोच कायदा घटनाबाह्य ठरला. देशभरचे कायद्याचे विद्यार्थी समानतेचं तत्त्व आपल्या मुरारजी पेठेतल्या गिरणीवरून शिकतात. मी त्या रात्री सरांना लांबलचक पत्र लिहिलं. उलट टपाली पोस्टकार्ड आलं. दोन्ही निकालांची टिपणं काढून पाठव, नववीच्या वर्गात वाचून दाखवायची आहेत.

आज पुण्याच्या कामगार न्यायालयात मी तीस वर्षांहून जास्त काळ उभी राहते आहे. अण्णांच्या वेळी ग्रॅच्युइटीचा कायदा होता तो १९७२ चा, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. हिशोब साधा आहे, पण तो माणसाच्या हातात पडेपर्यंत माणूस थकतो. अण्णांची गिरणी १९९० नंतरच्या वर्षांत बंद झाली. गेटवर नोटीस लागली आणि पुढची कित्येक वर्षं अण्णा आपल्याच घामाच्या पैशासाठी हेलपाटे घालत राहिले. तेव्हा सर निवृत्त झालेले. घराच्या ओट्यावर बसून त्यांनी पेठेतल्या कामगारांचे अर्ज लिहून दिले, मराठीत, तेलुगू बोलणाऱ्यांना वाचून, समजावून. त्यांनी लिहिलेला अर्ज कधी नुसता विनंतीचा नसायचा. किती साली लागला, कोणत्या खात्यात, कोणता माग, सगळं त्यात असायचं. मी माझ्या ज्युनिअर वकिलांना आजही अर्ज तसाच लिहायला लावते. कामगाराचं काम काय होतं ते आधी लिहा, कलम नंतर.

गेल्या संक्रांतीला गावी आले होते. गड्ड्यातला नंदीध्वजांचा अक्षता सोहळा झाला की मी एकदा गिरण्यांच्या बाजूने फिरून येते. जिथे पाळी सुटायची तिथे आता सोसायट्या आणि दुकानं आहेत. चादरी-टॉवेलचे माग अक्कलकोट रोडला एमआयडीसीत खडखडतात, पण त्यात धोट्याच्या भोकाला ओठ लावणारा माणूस मला दिसला नाही आणि ते बरंच झालं. भोंगा गेला याचं दुःख मला होतं, पण त्याहून जास्त खुपलं ते वेगळंच. आपल्या शाळेतल्या दोन मुली शेजारी उभ्या होत्या. त्यांना विचारलं, इथे काय होतं? म्हणाल्या, माहीत नाही. त्यांच्या आजोबांची सगळी उमर त्याच आवारात गेली असेल. सर असते तर दुसऱ्याच दिवशी वर्ग तिथे उभा असता.

सर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. अण्णाही नाहीत. धोटा माझ्या पुण्याच्या ऑफिसात आहे, तो या महोत्सवात मी शाळेला देते आहे. समितीला एकच विनंती आहे. वरच्या मजल्यावरच्या इतिहासाच्या खोलीत त्यासाठी काचेचं एक कपाट करा, खर्च माझ्याकडे लागला. कपाटाला कुलूप लावू नका, मुलांना धोटा हातात घेता आला पाहिजे. ज्यांच्या घरी गिरणीचं टिकीट, पगाराची चिठ्ठी, पास, जुना फोटो पडून असेल त्यांनी तो महोत्सवाच्या पहिल्या दिवशी सोबत आणावा आणि मागे वडिलांचं नाव, खातं, साल लिहून द्यावं. मार्शल लॉच्या आठवणींची सरांची वही त्यांच्या घरच्यांनी जपून ठेवली आहे. ती शाळेला द्यायला ते तयार आहेत, मी बोलून घेतलं आहे.