साडेसहाच्या बँडवर अडकलेलं रायटिंग आणि ‘ऑन द अदर हँड’

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगबद्दल मी फार लिहिणार नाही. ते झालं. सराव केला, मार्क आले, विषय संपला. मला लिहायचंय ते रायटिंगबद्दल, आणि त्यातही ‘ऑन द अदर हँड’ या चार शब्दांबद्दल. त्यांच्यावरचा माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

आधी अर्ध्या बँडसाठी (बँड म्हणजे या परीक्षेतले नऊपैकी गुण) जीव का टांगणीला लागतो ते सांगते, कारण घरच्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. ‘साडेसहा म्हणजे चांगलेच की गं,’ असं आई म्हणायची. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे तिथे स्थायिक होण्याच्या गुणांवर चालणाऱ्या अर्जात, भाषेची पातळी सीएलबी या त्यांच्या मोजपट्टीवर मोजतात. आयईएलटीएसच्या जनरल ट्रेनिंग या प्रकारात सीएलबी ९ साठी लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींना ७ लागतात. रायटिंगला साडेसहा म्हणजे सीएलबी ८. माझ्यासारख्या एकटीने अर्ज करणाऱ्याला त्या एका कौशल्याचे ३१ ऐवजी २३ गुण मिळतात. खरी मेख पुढे आहे. परदेशातल्या, म्हणजे आपल्या पुण्यातल्याच, तीन किंवा अधिक वर्षांच्या नोकरीच्या अनुभवाला भाषेच्या जोडीने ५० गुण मिळू शकतात, पण चारही कौशल्यांत सीएलबी ९ असेल तरच. एक जरी खाली राहिलं तर २५. शिक्षणाचे गुणही असेच खाली येतात. म्हणजे रायटिंगमधला अर्धा बँड बाकी तिघांची मेहनतही सोबत घेऊन बुडतो.

आणि माझं रायटिंग साडेसहावरून हलेना.

मी क्लास लावला होता. नाव सांगत नाही, शहरात असे पुष्कळ आहेत. पहिल्याच दिवशी ‘कनेक्टर्स’ असं शीर्षक असलेला एक लॅमिनेट केलेला कागद हातात आला. फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोअर, आणि मध्ये ठळक अक्षरांत ‘ऑन द अदर हँड’. तिसरा परिच्छेद याच शब्दांनी सुरू करायचा, असा सरांचा दंडक होता. विषय कुठलाही असो. पंगतीतला वाढपी न विचारता जिलब्या टाकत जातो तसे आम्ही सगळे ते टाकत होतो. साडेसहा घेऊन परत गेले तर सर म्हणाले, ‘मॅडम, कनेक्टर्स कमी पडतायत, अजून घाला.’ फी घेऊन दिलेला सल्ला म्हणून मी तो ऐकलाही. पुढच्या खेपेला पुन्हा साडेसहा.

शेवटी मी एक गोष्ट केली जी क्लासने कधी सुचवली नव्हती. परीक्षकांचे निकष वाचले. ते उघड आहेत, फुकट आहेत, कुणालाही वाचता येतात. रायटिंगला चार निकष असतात आणि त्यातला एक फक्त मांडणीचा आणि वाक्यांच्या जोडणीचा आहे. बँड ५ च्या वर्णनात जोडशब्दांचा अतिवापर दोष म्हणून लिहिलाय. बँड ६ मध्ये जोडणी सदोष किंवा यांत्रिक असू शकते असं म्हटलंय. यांत्रिक! लॅमिनेट केलेल्या कागदाचं याहून नेमकं वर्णन नसेल.

मग मी क्लासचे नमुना निबंध उघडले. घरून काम करण्यावरच्या निबंधात हे वाक्य होतं: ‘वर्किंग फ्रॉम होम सेव्ह्ज टाइम. ऑन द अदर हँड, इट सेव्ह्ज मनी.’ वेळ वाचतो, पैसाही वाचतो. दोन्ही फायदेच. मग दुसरा हात आला कुठून? इथे ‘इट ऑल्सो सेव्ह्ज मनी’ एवढं पुरे होतं. दुसरा हात लागतो तो काहीतरी उलट बाजूचं सांगायला: ‘इट सेव्ह्ज टाइम. ऑन द अदर हँड, यू नेव्हर रिअली लीव्ह द ऑफिस.’ एकाच गोष्टीच्या दोन बाजू, आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या.

आपल्या कानाला ही चूक खटकत नाही याचं कारण मला वाटतं मराठीतच आहे. ‘एकीकडे कुकर लावला, दुसरीकडे कणीक भिजवायला घेतली’ असं आपण सहज म्हणतो. यात भांडण नाही, दोन कामं बरोबरीने चालली आहेत इतकंच. आपलं ‘दुसरीकडे’ विरोध दाखवतं तसं नुसती जोडीही दाखवतं. इंग्रजीतल्या त्या शब्दांना ही मोकळीक नाही, तिथे विरोध हवाच. कुकर आणि कणकेचं वाक्य इंग्रजीत आणायचं तर ‘व्हाइल’ किंवा ‘मीनव्हाइल’ चालतं, दुसरा हात नाही. क्लासमध्ये हे एकदा कुणी सांगितलं असतं तर माझी परीक्षेची फी तरी वाचली असती. तीही काही थोडी नसते.

तिकडची माणसं हे प्रत्यक्षात कसं बोलतात ते मला कामाच्या कॉलवर ऐकायला मिळालं. आमचा क्लायंट लीड्सचा. एकदा लक्ष देऊन ऐकायला लागल्यावर दिसलं की बोलताना ती मंडळी बहुतेक वेळा नुसतं ‘बट’ म्हणतात. ‘ऑन द अदर हँड’ येतं ते खरोखर दोन पर्याय तोलताना, आणि अनेकदा वाक्याच्या पोटात, कर्त्यानंतर: ‘द ओल्ड टूल इज स्लो. द न्यू वन, ऑन द अदर हँड, क्रॅशेस.’ ही जागा मला फार आवडली. दोन गोष्टी किंवा दोन माणसं शेजारी ठेवून फरक दाखवायचा तर ती फार उपयोगी पडते. ‘माय ब्रदर लव्ह्ज कुकिंग. आय, ऑन द अदर हँड, ऑर्डर इन.’ लिहिताना दोन्ही बाजूंना स्वल्पविराम विसरू नका.

आधी ‘ऑन द वन हँड’ लिहिलंच पाहिजे असं नाही. उलट मात्र पाळावं लागतं. पहिला हात दाखवला की वाचणारा दुसऱ्याची वाट बघतो, आणि तो आलाच नाही तर वाक्य लोंबकळतं. आणि ‘द’ गाळू नका. ‘ऑन अदर हँड’, ‘इन अदर हँड’ हे आपल्याकडे ईमेलमध्येही सर्रास दिसतं. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते निसटतं.

‘ऑन द कॉन्ट्ररी’चंही असंच. कागदावर तो याच्याच खाली, एकाच कंसात, ‘यापैकी काहीही वापरा’ म्हणून दिला होता. काहीही कसं? तो आधीचं म्हणणं खोडून काढायला असतो. कुणी म्हणालं की मे महिन्यात पुणं थंड असतं, तर ‘ऑन द कॉन्ट्ररी, इट इज बॉइलिंग.’ पुणं महाग आहे पण राहायला सोयीचं आहे, असं म्हणायचं तर तिथे तो नाही चालत, कारण महागाई कुणी नाकारलेली नाही. तिथे दुसरा हातच हवा.

माझा उपाय साधा होता. जुने निबंध काढले, सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडले आणि मोठ्याने वाचून पाहिलं. बहुतेक ठिकाणी काहीच अडलं नाही. जिथे अर्थ तुटला तिथेच परत घातले. निबंधात एखादा ‘ऑन द अदर हँड’ उरला, कधी तोही नाही. वाक्यं जोडायची खरी कामं ‘धिस’, ‘दीज’, ‘सच’ असे छोटे शब्द करतात. ‘पीपल सेव्ह टू आवर्स अ डे. धिस एक्स्ट्रा टाइम...’ असं लिहिलं की मागचं वाक्य आपोआप पुढे सरकतं, ओरडून सांगावं लागत नाही. स्पीकिंगमध्येही ‘ऑन द अदर हँड’ पाठ केल्यासारखं म्हणू नका, ते लगेच ऐकू येतं.

रायटिंगला सात आले तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. निकाल क्लासच्या सरांना पाठवण्याचा मोह झाला. पाठवलाच. कनेक्टर्सबद्दलही दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं नाही, पण माझा फोटो त्यांच्या स्टेटसवर झळकला.

आठवलं तसं सांगते. रायटिंगच्या दोन टास्कना, म्हणजे पत्र आणि निबंधाला, मिळून ६० मिनिटं असतात. टास्क २ चं, म्हणजे निबंधाचं, वजन दुप्पट, म्हणून त्याला ४० ठेवा. कॉम्प्युटरवर परीक्षा दिलीत तर शब्द खाली मोजून दिसतात, हातावर मोजत बसावं लागत नाही. टास्क २ ला किमान २५० शब्द, पत्राला १५०. निकाल फेरतपासणीला द्यायचा असेल तर सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो आणि बँड वाढला तर फी परत मिळते. मी दिला नव्हता. निकष वाचल्यावर साडेसहा कुठून आले ते दिसत होतं. निकाल दोन वर्षंच चालतो, तेव्हा बाकी कागद तयार नसतील तर परीक्षेची घाई करू नका.

पत्राचं राहिलंच. जनरल ट्रेनिंगच्या टास्क १ ला पत्र असतं, आणि त्याच्या पहिल्या वाक्यातला ‘विथ रिगार्ड टू’ आपल्याकडे ‘विथ रिगार्ड्स टू’ होतो. तो ‘स’ काढा. ‘रिगार्ड्स’ पत्राच्या शेवटी, सहीच्या वर. घरमालकाला, बँकेला, मॅनेजरला लिहिताना ‘आय ॲम रायटिंग विथ रिगार्ड टू...’ छान चालतं. पण प्रश्नात मैत्रिणीला लिहायला सांगितलं असेल तर हे वाक्य नोटीस आल्यासारखं वाटतं. तिथे सरळ ‘अबाउट’ लिहा.