पट्टीवरच्या दोन खुणा

गणित विभागाच्या पत्त्यावर येणाऱ्या काही पाकिटांना उत्तर देण्याचं काम माझ्याकडे आहे. कुणी नेमून दिलेलं नाही. आधीचे सर निवृत्त झाले, त्यांचं कपाट माझ्या खोलीत आलं आणि कपाटाबरोबर पाकिटंही आली. आत बहुधा ठरलेल्या चार-पाच गोष्टींपैकीच एक असते. पायची ‘खरी’ किंमत, फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची दीड पानी सिद्धता, वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस, आणि सगळ्यांत जास्त वेळा कोनाचं त्रिभाजन, म्हणजे फक्त कंपास आणि पट्टी वापरून कुठल्याही कोनाचे तीन समान भाग करण्याची रीत.

अशी सरसकट रीत असूच शकत नाही, हे पिएर वांत्झेलनं १८३७ साली सिद्ध केलं. वर्तुळाएवढा चौरसही असा काढता येत नाही, हे लिंडमननं १८८२ मध्ये दाखवलं. पॅरिसच्या विज्ञान अकादमीला मात्र तेवढा धीर नव्हता. असले कागद यापुढे तपासणार नाही, असं तिनं १७७५ मध्येच जाहीर करून टाकलं होतं. अकादमीचं दुःख मला समजतं.

या पत्रांत गणिताइतकाच राग भरलेला असतो. डिग्रीवाले ऐकून घेत नाहीत, प्राध्यापकांची टोळी आहे, नवा विचार दाबला जातो, वगैरे. मी चूक शोधते, ओळ क्रमांक लिहिते आणि नम्र उत्तर पाठवते. त्यावर जे उत्तर येतं ते सहसा तितकं नम्र नसतं.

त्या दिवशी पाकिटाऐवजी माणूसच आला. पन्नाशीचे असावेत. हातात जाड पुठ्ठ्याची वही, शर्टाच्या खिशात पोलादी पट्टी. पत्र्याच्या कामाच्या वर्कशॉपमध्ये आखणी करतात, असं त्यांनी सांगितलं. नळीचं वळण किंवा नरसाळं करायचं, तर ते आधी सपाट पत्र्यावर उलगडून आखावं लागतं. ते काम त्यांचं.

“कोनाचे तीन भाग करायची एक रीत सापडलीय. बरोबर आहे का तेवढं बघाल?”

माझ्याकडे तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी प्रोजेक्टवर सही घ्यायला आला होता. चांगला मुलगा आहे, वर्गात पहिल्या दोघांत असतो. तो मान वर न करता म्हणाला, “काका, ते होत नाही. सिद्ध झालंय.”

“काटकोनाचं तर होतं,” काका म्हणाले.

मुलगा थबकला. होतंच की. तीस अंशांचा कोन कंपास-पट्टीनं आरामात काढता येतो. वांत्झेलचं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक कोनाला लागू पडेल अशी रीत नाही. काही कोन सुटतात. साठ अंश मात्र सुटत नाहीत. पेपरात प्रमेय अचूक लिहिणारी मुलंसुद्धा बोलताना हा ‘प्रत्येक’ गाळून टाकतात.

“बरोबर,” तो म्हणाला, “पण सगळ्या कोनांना चालेल अशी रीत नाही.”

“माझी सगळ्यांना चालते.” आवाजात ताठा नव्हता, पत्रा किती गेजचा आहे हे सांगावं तसं सांगितलं.

त्यांनी टेबलावर वही उघडली आणि आकृती पुन्हा काढून दाखवली. कोनाच्या शिरोबिंदूवर कंपासचं टोक ठेवून वर्तुळ काढलं. कोनाची आडवी बाजू मागच्या दिशेला वर्तुळाबाहेर लांब वाढवली. मग खिशातली पट्टी काढून तिच्यावर पेन्सिलीनं दोन बारीक खुणा केल्या. त्यांच्यातलं अंतर बरोब्बर वर्तुळाच्या त्रिज्येइतकं. कोनाची दुसरी बाजू वर्तुळाला जिथे छेदते, त्या बिंदूला पट्टी टेकवली आणि हळूहळू सरकवत नेली. बाहेरची खूण वाढवलेल्या रेषेवर आणि आतली वर्तुळावर, अशा दोन्ही एकदम बसल्या तेव्हा थांबले आणि रेघ मारली.

“ही रेघ आडव्या रेषेला मिळते तिथे झालेला कोन म्हणजे तिसरा हिस्सा.”

खुणा केल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मी काही बोलले नाही. सिद्धता त्यांनी स्वतः लिहिली आहे का, हे मला बघायचं होतं.

लिहिली होती. “मोजून पाहिलं, दरवेळी बरोबर येतं. पण मोजणं म्हणजे पुरावा नाही ना, म्हणून हे त्रिकोणांचं लिहिलं.” पुढचं पान शाळेच्या भूमितीतलं होतं. बाहेरच्या टोकाशी झालेला छोटा कोन पहिल्या समद्विभुज त्रिकोणात दोनदा येतो, म्हणून त्या त्रिकोणाचा बाह्यकोन त्याच्या दुप्पट. तो दुप्पट कोन दुसऱ्या समद्विभुज त्रिकोणाच्या पायाशी पुन्हा येतो. मूळ कोन हा सगळ्या मोठ्या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणजे एक अधिक दोन, तिप्पट. संपलं. एकही पायरी गाळलेली नव्हती.

मुलगा ते पान दोनदा वाचत राहिला. मग फळ्याकडे गेला आणि आपली बाजू मांडली. साठाचे तीन भाग करायचे म्हणजे वीस अंशांची कोसाइन काढायची. ती ८क्ष³ − ६क्ष − १ = ० या समीकरणाचं उत्तर आहे. हे समीकरण परिमेय सहगुणकांत फुटत नाही. कंपास आणि पट्टीची प्रत्येक पायरी फार तर वर्गमूळ देते, त्यामुळे कितीही पायऱ्या केल्या तरी दोन, चार, आठ अशाच घातांपर्यंत पोचता येतं. तिसऱ्या घाताचं हे उत्तर कधीच हाती लागत नाही. मांडणी स्वच्छ होती. मी पूर्ण गुण दिले असते.

काकांनी सगळं समजलं नाही असं सांगितलं, आणि मग विचारलं, “पण मग माझ्या दोन खुणांनी काय फरक पडला?”

मुलगा गप्प झाला. फळ्यावर एक बरोबर सिद्धता, टेबलावर दुसरी बरोबर सिद्धता, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध दिसत होत्या. हा प्रश्न त्याच्या कुठल्याही पेपरात आला नव्हता, कारण अभ्यासक्रमात प्रमेय असतं. प्रमेयाचे नियम मोडून बघणारा माणूस नसतो.

मी फक्त एवढंच म्हटलं, “प्रमेयातली पट्टी कशी आहे?”

पुढचा बराच वेळ त्या दोघांचा गेला. प्रमेयातली पट्टी कोरी आहे. तिला माहीत असलेल्या दोन बिंदूंतून रेघ ओढता येते, दुसरं काही नाही. खुणा असलेली पट्टी सरकवत दोन अटी एकदम जुळवायच्या म्हणजे पट्टीला अंतर लक्षात ठेवायला लावणं. काका पट्टी सरकवून दाखवत होते आणि मुलगा त्या सरकण्याचं समीकरण मांडत होता. शेवटी फळ्यावर तिसरा घात उतरला तेव्हा तो मोठ्यानं हसला. कंपासला जो घात देता येत नव्हता, तो त्या दोन खुणांनी दिला होता.

मग मला ते सांगावं लागलं. ही रचना आर्किमिडीजच्या नावावर आहे, बावीसशे वर्षांपूर्वीची.

मुलानं माझ्याकडे नाराजीनं पाहिलं. काका म्हणाले, “त्यांनीही खुणाच केल्या होत्या?”

“हो.”

“मग बरोबर आहे तर.” त्यांनी पानाच्या कोपऱ्यात टिक केली आणि पान उलटलं. पुढच्या पानावर दुसराच प्रश्न होता: ठोकळ्याची बाजू किती वाढवली म्हणजे आकारमान नेमकं दुप्पट होईल.

मी यावर बराच विचार केला आहे. ‘हे आधीच कुणीतरी केलंय’ हे वाक्य मी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना सांगितलं आहे आणि त्यांचे चेहरे पाहिले आहेत. त्यांचं चुकत नाही. प्रबंधात नवं काही असलंच पाहिजे, तो नियमच आहे. दुसऱ्यानं आधी केलेलं असेल तर वर्षं वाया जातात. पदवीला काहीतरी प्रमाणित करायचं असतं आणि तिथे पहिलं कोण याला किंमत आहे. या गृहस्थांच्या वहीत तो रकानाच नव्हता. त्यांनी ‘बरोबर आहे का’ विचारलं होतं आणि आर्किमिडीज त्यांच्या बाजूचा साक्षीदार निघाला.

अशा वेळी सगळे रामानुजनचं नाव घेतात. कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला माणूस, १९१३ चं केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डींना लिहिलेलं पत्र. त्या पत्रातल्या आणि वह्यांमधल्या कितीतरी गोष्टी युरोपात आधीच माहीत होत्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. एकट्यानं, मोजक्या पुस्तकांवर शिकल्यामुळे त्यांची उमेदीची वर्षं माहीत असलेलंच पुन्हा शोधण्यात गेली आणि हार्डींना त्याची हळहळ होती. शिवाय १९१६ मध्ये त्यांना केंब्रिजची बी.ए. मिळाली, तीही संशोधनावर. तेव्हा डिग्री निरुपयोगी असते याचा दाखला म्हणून त्यांना उभं करणं जरा अवघड आहे.

मला त्याहून मार्जरी राइस आठवतात. शाळेपलीकडे गणित शिकलेल्या नव्हत्या, घर सांभाळत होत्या. १९७५ मध्ये एका मासिकातलं सदर वाचून त्या पंचकोनी फरशांच्या मागे लागल्या: कुठले बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेले, पंचकोन फटी न ठेवता सगळं प्रतल भरतात? चिन्हांची पद्धतसुद्धा त्यांनी स्वतःच बनवली आणि चार नवे प्रकार शोधले. तज्ज्ञांना त्यांची चिन्हं आधी कळेनात. डॉरिस शाटश्नायडर या गणितज्ञ बाईंनी ती बसून उलगडली आणि सगळं तपासून घेतलं. राइसबाईंना पदवी लागली नाही. शाटश्नायडर मात्र लागल्या.

माझं मत इथेच येऊन थांबतं. पाकिटवाल्यांत आणि या काकांत डिग्रीचा फरक नाही, ती दोघांकडेही नाही. फरक आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या लाल पेनाखाली स्वतःहून ठेवण्याचा आहे. विद्यापीठ हेच सक्तीनं करून घेतं, दर आठवड्याला, आवडो न आवडो. फीचे पैसे मुख्यतः त्याचे असतात, असं मी पालकांना सांगत नाही. अर्थात पूल बांधणाऱ्याकडे आणि भूल देणाऱ्याकडे कागद असलाच पाहिजे, तिथे मी कुणाच्या जिज्ञासेवर विसंबणार नाही. पण कोनाचे तीन भाग केल्यानं कुणी मरत नाही.

निघताना काकांनी विचारलं, “मॅडम, या वयात बी.एस्सी.ला बसू का?”

“नोकरीत फायदा होईल?”

“नाही. पण लोक विचारतात, किती शिकलात. काय सांगायचं?”

हे कारण मी हलकं मानत नाही. तरी त्यांना खरं ते सांगितलं. आवडत नसलेले विषयही करावे लागतील, आणि त्यांतले काही नंतर आवडतील. या एका आकृतीवर त्यांनी जेवढा काळ घालवला, तेवढ्यात वर्गातली मुलं अख्खं सत्र संपवतात. पण ही आकृती त्यांच्यासारखी एकालाही येत नाही. जॉर्ज ग्रीनची गोष्टही सांगितली. गिरणी चालवणारा, जेमतेम शाळा झालेला हा माणूस. त्याचा विजेवरचा आणि चुंबकत्वावरचा निबंध १८२८ साली वर्गणीदारांच्या जोरावर छापला गेला. आज पदार्थविज्ञानात पावलोपावली वापरतात ती ग्रीनची फलनं त्यातलीच. त्यानंतर, चाळिशीत, तो पदवीसाठी केंब्रिजला गेला.

“मग उपयोग झाला त्यांना?”

“सगळ्यांत मोठं काम आधीच झालं होतं. पण गेल्याचा पश्चात्ताप झाला असं काही वाचलेलं नाही.”

काका हसले. अर्ज त्यांनी नेला, भरला नाही. विभागप्रमुखांच्या परवानगीनं ते आता गाल्वा सिद्धांताच्या, म्हणजे कुठलं समीकरण कशानं सुटतं आणि कशानं नाही हे सांगणाऱ्या विषयाच्या, तासाला मागच्या बाकावर बसतात, हजेरीपटात नाव नाही. त्यांना सगळं कळत नाही, आणि कळलं नाही की ते हात वर करतात. त्यांच्या एकेका प्रश्नानं कधी अर्धा तास जातो. गेल्या आठवड्यात काही मुलं माझ्याकडे आली: मॅडम, परीक्षा जवळ आली आणि दोन प्रकरणं राहिलीत. त्यांची तक्रार रास्त आहे. आता शनिवारी सकाळी जादा तास घेते, फक्त अभ्यासक्रमासाठी, आणि काकांना त्या तासाला येऊ नका असं सांगितलंय. प्रोजेक्टवाला मुलगा दोन्हींना येतो.