सव्वीस बाय चार

काल दुपारी दिवाणातल्या रजया उन्हात टाकायचं काम निघालं आणि सगळ्यात खाली, जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळलेली माझी ट्यूब सापडली. बायको म्हणाली, ट्रॅक्टरची आहे का? मी म्हटलं, सायकलची. तिला माहीत आहे सायकलची आहे ते, पण विचारायचं असतं. मी तिथंच फरशीवर बसून खोळ झटकली, टाल्कम पावडर अजून होती वर, रबर मऊ होतं, व्हॉल्व्हच्या बुडाशी नखानं दाबून पाहिलं, चीर नव्हती. परत गुंडाळून ठेवली. रजयांचं काम मग बायकोनंच केलं.

ही शेवटची. सव्वीस बाय चार. माझी सायकल फॅट बाइक, म्हणजे सव्वीस इंची चाक न् चार इंच जाड टायर, आणि ही साइज इथं दुकानात मागितली की दुकानदार आधी माझ्याकडे पाहतो, मग मागं उभ्या गिऱ्हाइकाकडे पाहून हसतो. ऑनलाइन कधी दिसते, ऑर्डर टाकावी तर चार दिवसांनी पैसे परत.

माझं मॉडेल कंपनीनं बंद केलं. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन काय होणार. एक दिवस वेबसाइटवर होतं, एक दिवस नव्हतं. फोन लावला तर पलीकडची मुलगी फार गोड बोलली, सर ते डिस्कंटिन्यू झालंय, त्याच्याऐवजी आमच्याकडे अमुक आहे, आणि अमुक म्हणजे बोटभर टायरची हायब्रिड. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, इतवारीत एवढे बडगे म्हणजे पुतळे निघतात, महागाईचा निघतो, भ्रष्टाचाराचा निघतो, एखाद्या वर्षी स्पेअर पार्ट न ठेवणाऱ्यांचाही निघावा, पुढं नाचायला मी येतो. घेऊन जा गे मारबत!

या टायरमध्ये हवा इतकी कमी लागते की कोणाला पटत नाही. आठ-दहा पीएसआय, हवेचा दाब मोजायचं माप ते. डांबरी रस्त्यावर थोडी जास्त, रेतीत त्याहून कमी. पेट्रोल पंपावरचा काटा एवढ्यात जागचा हलत नाही, म्हणून तिथला पोरगा म्हणतो काका याच्यात हवाच नाही, आणि मी अरे थांब थांब म्हणेपर्यंत तीस मारून मोकळा होतो. मग घरी येईस्तोवर प्रत्येक खड्ड्याला सायकल उडते आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून मलाच फुस्स करत हवा सोडावी लागते, लहान पोरं गोळा होतात. सबब गेज नाही न् काही नाही, अंगठा. वरून दाबायचं, मग बाजूनं, मग सीटवर बसून खाली वाकून पाहायचं टायर किती बसला. ही आता खोडच झालीय. फुटाळा तलावावर कोणाचीही सायकल उभी दिसली की हात जातोच, साधी असो की लाखाची असो. मागं एकदा मालक मागून आला, काय पाहिजे म्हणाला. याचं उत्तर काय द्यायचं सांगा.

अंगठा मूळचा रेंजरवरचा आहे. आमच्या लाइनीत एका पोराकडे हीरो रेंजर आली, सरळ हँडल, मडगार्ड नावालाच, आणि ते टायर. आजच्या मानानं ते काहीच जाड नव्हते पण तेव्हा बाबांच्या सायकलच्या टायरपुढं बघत राहावं असे होते. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते बोटानं चाळवत आम्ही लाइनीतली पोरं रांगेत उभं राहायचो. त्याचा भाव ठरलेला होता. दाबून पाहायचं तर एक कंचा, केस उपटायचा तर दोन, आणि चालवायला फक्त त्याच्या मामेभावाला मिळायची, आणि तो मामेभाऊ सुटीत यायचा वर्ध्याहून, त्याला सायकल नीट येतही नव्हती. माझे चांगले चांगले कंचे त्यात गेले. रेंजर काही मिळाली नाही. मागायची सोयच नव्हती, घरात एक सायकल होती ना.

ती बाबांची ॲटलस. काळी, चोवीस इंची फ्रेमची, दांडीवर जुन्या टॉवेलची गुंडाळी, ती आमच्या बसण्यासाठी. तिच्यावरच कैंची शिकलो, दांडीखालून पाय घालून, अर्धं पॅडल मारत, एक कोपर सीटवर. बाबा पँटला क्लिप लावून सिव्हिल लाइन्सला ऑफिसात जायचे आणि मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून खिशात कांदा टाकून जायचे, तीच सायकल, तोच वेग, ऊन असो पाऊस असो. तिला कधी मोठं दुखणं आलंच नाही. चाराण्याची वॉलट्यूब, व्हॉल्व्हवरची रबरी नळी, बदलली की पुन्हा तयार.

ॲटलसचा शेवटचा कारखाना, साहिबाबादचा, ३ जून २०२० ला बंद पडला. तारीख लक्षात राहिली कारण ३ जून हा जागतिक सायकल दिन. १९५१ साली सोनिपतला सुरू झालेली कंपनी, आणि कामगारांना गेटवर नोटीस वाचायला मिळाली नेमकी त्या दिवशी. मला फार लागलं ते वाचून. पण मग लक्षात आलं की बाबांच्या सायकलला काही म्हणजे काही झालेलं नाही. अठ्ठावीस बाय दीडचा टायर आजही कुठल्याही बाजाराच्या गावी मिळतो, चेन मिळते, पॅडल मिळतं, छर्रे मिळतात, शंभर ठिकाणचे शंभर पार्ट लावा, ती चालते. कंपनी गेली, सायकल आहे. माझ्या सायकलची कंपनी मजेत आहे, जाहिराती येऊन राहिल्या, आणि सायकल पोरकी.

खरं तर हे जाड टायरचं प्रकरण आपल्याकडचं नाहीच. १९८७ मध्ये अलास्कात इडिटाबाइक नावाची बर्फावरची रेस सुरू झाली, साध्या टायरनं माणसं बर्फात फसायची, तर तिथल्या उद्योगी लोकांनी दोन-दोन रिमा शेजारी ठेवून वेल्डिंग मारलं. तिकडं न्यू मेक्सिकोच्या रेतीत दुसऱ्याच कोणाचा हाच खटाटोप चालला होता. मग २००५ ला मिनेसोटाच्या सर्लीनं पग्स्ली काढली, जांभळी, सरळ दुकानात जाऊन विकत घ्यावी अशी. तिची मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. चार इंची टायर चेनच्या आड येऊ नये म्हणून तिची मागची फ्रेम साडेसतरा मिलिमीटर एका बाजूला सरकवलेली, पुढचा फोर्कही तसाच, त्यामुळं दोन्ही चाकं अदलाबदल करता येतात. बर्फात मैलोन् मैल कोणी नाही आणि मागचं फ्रीव्हील गोठलं, तर पुढच्या चाकालाही फ्रीव्हील लावून ठेवलेलं असलं की ते काढून मागं टाका न् निघा. ज्यानं हा विचार केला त्याच्या पाया पडावंसं वाटतं. पग्स्लीही बंद झाली म्हणा. माझ्या सायकलीत असलं काही नाही, ती आपली जड लोखंडी, उचलून दुसऱ्या माळ्यावर नेली की जेवण जिरतं.

बर्फ नागपुरात कुठून आणू. रेती मात्र आहे, कन्हानच्या पात्रात, उन्हाळ्यात नदी एका कडेला जाते तेव्हा. पहाटे गेलो होतो, टायरमधली हवा सोडत सोडत अंगठा पार आत जाईपर्यंत आणली, आणि खरंच चालली हो, जिथं पाय रुततो तिथून सायकल चालली, मागं रुंद पट्टा उठवत. पलीकडे डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी होती, तिथले आजोबा मचाणीवरून उतरून आले. सायकलभोवती फिरले. टायर दाबून पाहिला त्यांनी, मला तिथंच ते आवडले.

"येवढं जाडं चाक! किती पोते नेते हे?"

"पोते नाही नेत आजोबा, मीच बसतो."

"मंग कायले पायजे?"

आणि उत्तराची वाट न बघता एक डांगर कापून दिलं.

पावसाळ्यात मात्र ही कुठंही जाते वगैरे खोटं आहे. आमच्या काळ्या मातीत अलास्कावाल्यांनी येऊन दाखवावं. पहिल्या शंभर पावलांत माती टायरला, टायर फ्रेमला, आणि चाक फिरायचंच थांबतं, मग काडीनं उकरत बसा धुऱ्यावर. बाभळीचा काटाही जाड-बारीक पाहत नाही, घुसतो. हिचा खरा उपयोग शहरातच आहे. सिमेंट रोड आणि बाजूचे गट्टू यांच्यामध्ये जी फट राहते, जिच्यात साध्या सायकलचं चाक शिरलं की माणूस आडवा, ती फट हिला समजतसुद्धा नाही. वर सिमेंटवर टायरच्या गुठळ्या अशा घूं घूं वाजतात की पुढचा माणूस मोटार आली समजून बाजूला होतो, वळून पाहतो, आणि चिडतो.

लोक म्हणतात विकून टाक, नवी घे. पण बंद झालेल्या मॉडेलचं एक सुख आहे, पुढच्या वर्षीचं नवं मॉडेल येत नाही. माझ्या ओळखीत दर दिवाळीला जुनी विकून नवी घेणारे आहेत, त्यांना आपल्या सायकलकडे पाहताना कायम दुसरीच दिसत असते. माझ्या मागचा तो जाच कंपनीनंच काढून टाकला.

चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला मी गल्लीच्या तोंडाशी काकाजींकडे जातो. एवढ्या रुंद रिमेला दुसरं कोणी हात लावत नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चाक फिरवून ते बघत नाहीत, स्पोकवर नख घासत आवाज ऐकतात आणि जिथं आवाज बसका येतो तिथं चावी लावतात. पोरगा दुसऱ्या कामाला लागला, तो काही दुकानात बसणार नाही. मागच्या महिन्यात म्हणाले, दिवाळीपर्यंत बसतो, मग पाहू. मी म्हटलं, डोळ्याचं करून घ्या ना काकाजी, आता सोपं आहे. ते म्हणाले, डोळ्याचं होते हो, हाताचं काय करू, आणि चावी धरलेला हात पुढं केला, चांगलाच थरथरत होता. मग तसाच चाकाला लावला आणि काम संपवलं.