शार्लटच्या बाजूनं

सईनं पुस्तक परत देताना एवढंच म्हटलं, "ताई, ती शार्लट कसली खडूस आहे गं!" आणि लगेच गोष्टीच्या नायकाकडे, गिडियनकडे वळली. मीही हसून मान डोलावली. पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

केर्स्टिन गीरचं 'रुबिनरोट', २००९ चं, तीन भागांतलं पहिलं. मूळ जर्मन, गोष्ट लंडनची. आम्ही वाचलं इंग्रजीतून. एका घराण्यात कालप्रवासाचं जनुक चालत आलंय. पुढची मुलगी ७ ऑक्टोबरला जन्मणार, हे गणित खुद्द न्यूटननं मांडून ठेवलेलं. त्या दिवशी शार्लट जन्मली, आणि घरच्यांनी तिला त्यालाच जुंपलं. तलवारबाजी, भाषा, इतिहास, जुन्या काळातले नाच. तिला जरा चक्कर आली की अख्खं घर डोळे लावून बसणार, आता जाते की मग जाते. आणि गेली कोण? मावसबहीण ग्वेंडोलिन, जिला कुणी काही शिकवलंच नव्हतं. तिचाही जन्म त्याच दिवशीचा. आईनं तारीख एक दिवस पुढची सांगितली होती, लेकीला यातून वाचवायला म्हणून.

बाकी गोष्टीवर माझा राग नाही. गिडियन आणि ग्वेंडोलिनचं प्रेम मला मनापासून आवडतं, तिसऱ्या भागात रडलेसुद्धा. पण शार्लटचं काय? दुसऱ्या भागात त्याच ग्वेंडोलिनला मिन्युएट, म्हणजे जुन्या काळातला एक नाच, शिकवायला तिला उभं करतात. ती टोचून बोलते, तोरा दाखवते, सगळं खरं. पण तिच्याएवढी पावलं तिथं कुणाची पडतात? इतकी वर्षं घोटून घेतलं आणि एका दुपारीत सांगितलं, तू नव्हेस. त्या रात्री ती झोपली असेल का, कुणी तिच्याजवळ बसलं असेल का, यावर एखादं पान तरी हवं होतं. निदान अर्धं.

तंबोऱ्याचं मी लिहिणार नव्हते. आजीनं तो सईला दिला. आजीचा शब्द, कोण बोलणार? आई त्या दिवशी जेवली नाही... जाऊ दे. पहाटे उठून खरज, म्हणजे अगदी खालचा सूर, लावायला कोण बसायचं, हे आजीला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? ठाऊक असून दिला. हेच पुन्हा पुन्हा मनात येतं. मी कुठं कमी पडले, ते तरी सांगायचं.

सईचा यात काय दोष? ग्वेंडोलिननं तरी कुठं मागितलं होतं?

आज दुपारी सईचा मेसेज आला: "ताई, जोड लागतच नाहीये, जवारी बसलीये. रविवारी येशील?" जोड म्हणजे मधल्या दोन तारा, जवारी म्हणजे तारेचा घुमारा. वाचून आधी डोळेच भरले, आणि मग बोटांना आपोआप आठवलं. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, परत सरकवायचा. नेमक्या जागी आला की आवाज असा उघडतो की भोपळ्याला टेकवलेला हात थरथरतो. ही जागा सईला सापडत नाही. मला सापडते. ती मला कुणी दिली नव्हती, त्यामुळे कुणी काढूनही घेतलेली नाही.

येते म्हणून कळवलंय. दोरा मीच नेणार, तिच्याकडचा जाड असणार. आणि तंबोरा लागला की आधी तासभर मी गाणार, हेही लिहून टाकलंय.