याफा ते कैसरिया : पेत्राने ओलांडलेला उंबरठा

तेल अवीवला लागून असलेल्या जुन्या याफाच्या गल्ल्या समुद्राकडे उतरत जातात आणि दीपगृहाजवळ एका बंद दारापाशी येतात. कातडी कमावणाऱ्या शिमोनाचे घर ते हेच, अशी परंपरा आहे. घर खासगी असल्याने आत जाता येत नाही, आणि परंपरेपलीकडे पुरावाही नाही. पण बायबलमधला तो प्रसंग याच बंदरातला आहे. मेलेल्या जनावरांच्या कातड्यांत हात घालणाऱ्याकडे उतरलेला येशूचा यहुदी शिष्य पेत्र भर दुपारी, भुकेल्या पोटी गच्चीवर प्रार्थना करीत असता त्याला आकाशातून उतरणारी चादर दिसली. तिच्यात यहुदी शास्त्राने निषिद्ध मानलेले प्राणी होते, आणि ते मारून खाण्याची आज्ञा झाली. त्याने साफ नकार दिला.

याफापासून कैसरिया उत्तरेला सुमारे ५० किलोमीटर आहे. मी बिन्यामिनापर्यंत रेल्वेने व पुढे टॅक्सीने गेलो. कर्नेल्य या रोमन शताधिपतीच्या बोलावण्यावरून निघालेल्या पेत्राला पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. हेरोदाने वसवलेल्या या शहराचे नाट्यगृह आणि समुद्रालगतचे शर्यतीचे मैदान पाहताना येथील यहुदी आणि यहुदीतर यांच्यातले वैर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इ.स. ६६ मध्ये याच शहरात कोणीतरी सभास्थानाच्या दारात मडके उपडे घालून त्यावर पक्ष्यांचा बळी दिला. त्यातून पेटलेल्या दंगलींनंतर येथे २०,००० यहुदी मारले गेले, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. अशा गावात, ‘परक्याच्या घरी जाणे आम्हांला निषिद्ध आहे’ असे तोंडावर सांगूनही पेत्र कर्नेल्याच्या घरात शिरला, हे मला त्या दृष्टांतापेक्षाही मोठे वाटते. यरुशलेमला परतल्यावर त्याच्याच मंडळींनी त्याला धारेवर धरले ते कर्नेल्याच्या घरी झालेल्या बाप्तिस्म्यावरून नव्हे, तर सुंता न झालेल्यांच्या पंक्तीला बसल्यावरून.

वाटाडे गोष्ट येथेच संपवतात. पुढे अंत्युखियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्यात, हाच पेत्र यहुदीतर ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. परंतु यरुशलेमहून तेथील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच तो भीतीने पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला, आणि त्याच्यामागोमाग पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा. प्रेषित पौलाने पेत्राला सर्वांदेखत खडसावले आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते नावानिशी नमूद केले. चर्चने ते पत्र पुढे शास्त्रात घेतले, तेव्हाही आपल्या थोर प्रेषिताची ही नामुष्की त्यातून गाळली नाही.