इसबगोलाचे तीन महिने

पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत माझे वजन 74 किलो, कंबर 91 सेंटिमीटर, उपाशीपोटीची साखर 108, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 148 आणि एचडीएल म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल 43 आले. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटिमीटर मानली जाते, उपाशीपोटीची साखर 100 च्या आत आणि एचडीएल 50 च्या वर असावे लागते. म्हणजे माझा एकही आकडा जागेवर नव्हता. डॉक्टरांनी रोजचे चालणे वाढवायला, रात्रीचा भात बंद करायला आणि दोन्ही जेवणांआधी इसबगोल घ्यायला सांगितले. इसबगोल मला ठाऊक होते ते पोट साफ होण्याचे औषध म्हणून. आजोबा झोपताना कोमट दुधातून घेत असत. साखरेशी आणि कोलेस्टेरॉलशी त्याचा काय संबंध, हे मात्र मला मुळापासून समजून घ्यावे लागले.

इसबगोलाची भुशी म्हणजे एका छोट्याशा बीवरची साल. मूळ फारसी नावाचा अर्थ ‘घोड्याचा कान’ असा आहे आणि बी तळहातावर घेऊन पाहिले की ते नाव पटते. गुजरातेतल्या उंझा-सिद्धपूरच्या बाजारपेठा या व्यापारासाठी प्रसिद्ध आहेत आणि तिथून हा माल जगभर जातो. पहिल्याच दिवशी मी एक मोठा चमचा भुशी फुलपात्रातल्या पाण्यात टाकून मुद्दाम तशीच ठेवली. थोड्या वेळाने पाहिले, तर पाणी असे उरलेच नव्हते. सगळ्याचा पांढुरका, गिळगिळीत गोळा झाला होता आणि फुलपात्र कलते केले तरी तो सावकाश, एकसंध सरकत होता. पोटातही हेच घडते. अन्नाभोवती असा दाट लगदा झाला की त्यातली साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते. आतड्यातले, चरबी पचवायला मदत करणारे पित्ताम्लही या लगद्यात अडकून शौचावाटे निघून जाते; मग नवे पित्ताम्ल तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते आणि एलडीएल उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 साली हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या संदर्भात इसबगोलाचा दावा मान्य केला, तो याच परिणामाच्या आधारावर. त्यासाठी दिवसाला सात ग्रॅम विद्राव्य तंतू (पाण्यात विरघळणारे फायबर), म्हणजे साधारण दहा ग्रॅम भुशी लागते. घरच्या काट्यावर माझा मोठा चमचा पाच ग्रॅमच्या आसपास भरला, त्यामुळे दोन जेवणांआधी एकेक चमचा हा हिशेब सरळ बसला.

चरबी वितळवणारी म्हणून जी महागडी तंतूंची पावडर विकली जाते, तिच्याविषयी मला मनापासून राग आहे. वजन वाढलेल्या बायकांच्या हताशपणावर तो धंदा चालतो. चिकोरीच्या मुळातला इन्युलिन हा तंतू आतड्यातल्या जिवाणूंना पोसतो हे खरे, पण अनेकींना त्याने पोटात वायू धरतो. इसबगोल फारसे आंबत नसल्याने तो त्रास कमी होतो. एका कंदातून मिळणाऱ्या ग्लुकोमॅनन या तंतूला वजनाच्या बाबतीत युरोपीय संघाने मान्यता दिली आहे, तीही कमी उष्मांकांच्या आहारासोबत घेतले तरच, अशा अटीवर. कोणताही तंतू एकट्याने कंबर उतरवत नाही.

तीन महिन्यांनी माझे एलडीएल 136 झाले, साखर 101 वर आली आणि वजन जेमतेम दीड किलो उतरले. यात चालण्याचा वाटा किती आणि भुशीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण त्याच तपासणीत टीएसएच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइडची गोळी पुरी पडत नव्हती. ही गोळी मी वर्षानुवर्षे पहाटे घेते. घाईच्या सकाळी जेवणाआधीचा चमचा राहून जाईल या भीतीने मी भुशीही गोळीपाठोपाठच घेऊ लागले होते. तंतूंच्या लगद्यामुळे या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. आता गोळी पहाटे सहाला आणि भुशी थेट दुपारच्या जेवणाआधी, मध्ये किमान चार तास, असा नेम आहे. वजन वाढलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायका थायरॉइडची गोळी घेत असतात, म्हणून हे इतके सविस्तर लिहिते आहे.

पाण्याचेही तसेच आहे. भुशी कोरडी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण ती घशात किंवा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. मी ती मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून घट्ट होण्याआधी पिते आणि वर आणखी एक पेला पाणी घेते. सुरुवात अर्ध्या चमच्याने केली होती. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा आहे, त्यांनी ती घेऊच नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी रोज किमान 25 ग्रॅम तंतू सुचवते. त्यातला मोठा भाग भुशीतून नव्हे तर ताटातून यावा, असे माझे मत आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. रात्रीच्या भाताची जागा आता ज्वारीच्या भाकरीने आणि मटकीच्या उसळीने घेतली आहे.

परवा थोरल्या जाऊबाईंनी माझ्याकडून इसबगोलाचा पुडा मागितला. मी म्हटले, “देते, पण आधी तुमच्या गोळ्यांचा डबा घेऊन या.” डब्यात साखरेच्या दोन आणि थायरॉइडची एक अशा गोळ्या निघाल्या. आम्ही दोघींनी कागदावर वेळा लिहून काढल्या. तो कागद जाऊबाई येत्या सोमवारी त्यांच्या डॉक्टरांना दाखवणार आहेत आणि पुडा तोवर माझ्याकडेच आहे.