तू पाऊस झालीस तर

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. कविता चांगलीच आहे, हे आधी लिहून ठेवते. त्याने एवढं मनापासून लिहून पाठवलं, माई तर म्हणाली आमच्या नशिबात असलं काही नव्हतं बाई. पण तू पाऊस झालीस तर मी माती होईन, तू वारा झालीस तर मी पान, तू चांदणं झालीस तर मी आभाळ, असं जवळजवळ शेवटपर्यंत चाललंय आणि माझ्या डोक्यात एकच, नाही झाले तर? काहीच झाले नाही, आहे तशीच राहिले, दमून घरी आलेली, चिडलेली, तर तो कोण होणार? मागच्या वर्षीचं सगळं परत आठवलं. जाऊ दे ते.

रडू आलं खरं. सगळ्यांनाच माझ्याकडून आधी काहीतरी व्हायला हवं असतं. आईला वेगळं, ऑफिसात वेगळं, आणि आता प्रेमातसुद्धा आधी पाऊस व्हा.

मग कुसुमाग्रजांची 'विशाखा' काढली, पृथ्वीचं प्रेमगीत वाचायला. १९४२ सालचं पुस्तक, पण मला ते कायम आत्ताचं वाटतं. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर, त्याचा उजेड पोचायलाच ८ मिनिटं लागतात, आणि पृथ्वी युगानुयुगं त्याच्याभोवती फिरत प्रेमाची याचना करतेय. शाळेत मला प्रेम म्हणजे हेच वाटायचं. आज मात्र चंद्राचं वाईट वाटलं. शुक्र, मंगळ, ध्रुव, धूमकेतू, सगळे तिच्यासाठी झुरतात, चंद्र तर किती जवळचा, पण तिला त्या तेजापेक्षा कमी काही नकोच. म्हणजे अट तिलाही आहे की. हे लक्षात आलं आणि का कोण जाणे, जरा बरं वाटलं.

तरी माझं अडतं ते मातीपाशीच. आमची काळी जमीन वैशाखात बघावी, पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, पावसाचा पत्ता नसतो, तरी ती मातीच असते ना? पाऊस आला तर माती होईन असं ती कुठे म्हणते? आण्णांनी त्याला हे एका मिनिटात सांगितलं असतं. आणि आण्णा हेही म्हणाले असते की माती सगळं निमूट घेत नाही. पहिल्या सरीला पेरलं तर बी वाया जातं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभागवाले दरवर्षी सांगतात, वर उघडीप मिळून वाफसा यावा लागतो, म्हणजे पाणी मुरून जमीन पेरण्याजोगी व्हावी लागते, चिखलात पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, चालत नाही. तिच्या अटी असतात, पण त्या पेरणीच्या. असण्याला अट नसते. हे मला त्याला नीट सांगता यायला हवं, फोनवर असलं बोलायला लागले की गळा दाटतो.

माझ्याही अटी आहेतच म्हणा. खोटं बोलणारा, आण्णांसमोर तोऱ्यात बसणारा मला चाललाच नसता, कितीही आवडला असता तरी. मग त्यालाच काय बोलायचं.

आणि शेवटून दुसऱ्या ओळीत त्याने लिहिलंय की तुमच्या शेतातनं आलो, बुटांची माती आठवडाभर काढली नाही. तिथे मला काहीच व्हावं लागत नाही. ती ओळ वहीत उतरवून घेतली. बाकीच्या कवितेबद्दल रविवारी बोलते त्याच्याशी, आण्णाही असतील.